म्हादईतला वाघ पाहुणा नव्हे

‘गोव्यात वाघ नाहीत, दिसतो तो कर्नाटकातून वाट चुकून आलेला,’ हा समज जुना आणि चुकीचा आहे. जानेवारी 2020 मध्ये सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीच्या रानात विषबाधेने चार वाघ मेले: एक वाघीण आणि तिचे तीन बछडे. बछडे वाढवणारी वाघीण वाट चुकलेली कशी?

वाघ मोजताना प्रत्येकाला ओळखतात पट्ट्यांवरून, आणि डाव्या-उजव्या कुशीचे पट्टेही वेगळे असतात. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून साधारण 45 सेंटीमीटरवर, हालचाल टिपून आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधतात. अगदी समोरासमोर नव्हे, नाहीतर फ्लॅशने फोटो पांढरा पडतो. एकाच बाजूला लावला, तर एका वाघाचे दोन मोजले जाण्याचा धोका. समोरचं गवतही छाटावं लागतं. ते हललं की नुसते रिकामे फोटो.

म्हादई आणि पलीकडचं कर्नाटकातलं भीमगड अभयारण्य हे सलग रान आहे. दोन्हीकडे फिरणारा वाघ दोन्हीकडचाच.