क्षितिजापलीकडचे रडार: एक आकाशमार्गे, एक पाण्यालगत

किनाऱ्यावरच्या दीपगृहांवर दिसणारे नेहमीचे रडार सूक्ष्मलहरींवर चालते आणि या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्यामुळे पृथ्वीच्या गोलाईपाशी त्याची नजर संपते. अँटेना 50 मीटर उंचीवर असला आणि जहाज पाण्यावर 9 मीटर उंच असले, तर साधारण 40 किलोमीटरनंतर ते दिसेनासे होते. रडारची शक्ती वाढवूनही त्यात फारसा फरक पडत नाही. अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्या समुद्रातल्या साधनसंपत्तीवर किनारी देशाचा हक्क असतो तो पट्टा, मात्र 200 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 370 किलोमीटरपर्यंत पसरलेले असते. इतक्या दूरवर पाहण्यासाठी 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली रडारे वापरतात. त्यांना सरसकट ‘क्षितिजापलीकडचे रडार’ म्हटले जाते, पण या एका नावाखाली दोन अगदी निराळ्या यंत्रणा मोडतात.

आकाशलहरींच्या रडारचा झोत वर जातो आणि, कॅरमच्या स्ट्रायकरने कडेवर आपटून सोंगटी गाठावी तसा, आयनांबरावरून (वातावरणाच्या उंचावरच्या विद्युतभारित थरावरून) परतून दूरच्या समुद्रावर उतरतो. ऑस्ट्रेलियाचे जिंदाली जाळे याच रीतीने 1000 ते 3000 किलोमीटरवर नजर ठेवते. अलीकडच्या हजार किलोमीटरांत झोत उतरतच नसल्यामुळे तो टापू त्याला दिसत नाही. साहजिकच अशा रडारला किनाऱ्याची गरज नसते: लाँगरीच, लॅव्हर्टन आणि ॲलिस स्प्रिंग्ज ही त्याची तिन्ही ठाणी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, कोरड्या मुलखात आहेत.

पृष्ठलहरींचे रडार मात्र खऱ्या अर्थाने किनाऱ्याचे. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे उभ्या ध्रुवीकरणाच्या (ज्यांचे विद्युतक्षेत्र वर-खाली डोलते अशा) लहरी त्याला धरून, गोलाईबरोबर वळत पुढे जातात. कोरड्या जमिनीवर त्या लवकर क्षीण होतात. म्हणून अँटेनांची रांग पाण्याच्या शक्य तितकी जवळ मांडावी लागते. कॅनडाने न्यूफाउंडलंडमध्ये केप रेस आणि केप बोनाविस्टा येथे असे संच बसवले, ते अनन्य आर्थिक क्षेत्र डोळ्यांसमोर ठेवूनच.

या रडारची खरी डोकेदुखी म्हणजे समुद्राच्या लाटा. रडारच्या तरंगलांबीच्या निम्म्या लांबीच्या लाटा सर्वांत जोरदार प्रतिध्वनी देतात. 5 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 60 मीटर, म्हणजे या लाटा 30 मीटरच्या, आणि खोल पाण्यात त्यांचा वेग सुमारे 13 नॉट (तासाला 13 सागरी मैल). रडारच्या दिशेने किंवा उलट दिशेने नेमक्या याच वेगाने चाललेले मालवाहू जहाज त्या प्रतिध्वनीत बुडून जाते, आणि 13 नॉट हा मालवाहू जहाजांचा काही दुर्मीळ वेग नव्हे. 10 मेगाहर्ट्झवर गेले की अडचणीचा वेग 9 नॉटच्या आसपास सरकतो, म्हणून दोन वारंवारतांवर आलटून पालटून पाहणे शहाणपणाचे ठरते. गंमत म्हणजे जहाज शोधणाऱ्याला नकोसा असलेला हाच प्रतिध्वनी सागरी प्रवाह मोजणाऱ्यांना हवा असतो. भारताच्या किनाऱ्यावरही त्यासाठी अशी रडारे बसवलेली आहेत.

आयनांबराचा त्रास पृष्ठलहरींनाही चुकत नाही. रात्री दूरदूरच्या रेडिओ केंद्रांचा गोंगाट आयनांबरावरून येऊन पोहोचतो आणि रडारचा पल्ला घटतो.

दोन्ही यंत्रणांचे चित्र ढोबळच असते आणि दहापंधरा मीटरची लाकडी होडी इतक्या लांब लहरींना क्षीण प्रतिसाद देते. नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर आपल्या किनाऱ्यावर उभारलेली रडारांची साखळी सूक्ष्मलहरींची आहे. ती 370 किलोमीटरवर पाहत नाही म्हणून तिला नावे ठेवणे गैर आहे, कारण किनाऱ्याकडे येणारी लहान होडी टिपणे हेच तिचे काम आहे.