‘शिमात्ता!’ आणि आपलं ‘झालं!’

धाकट्या भावासाठी राखलेला केक आपणच फस्त केला, तर जपानी माणूस नुसतं ‘ताबेता’, म्हणजे ‘खाल्लं’, म्हणून थांबत नाही. तो म्हणतो, ‘ताबेचात्ता’. खाऊन बसलो! हळहळ, लाज, थोडी लाडीगोडी, सगळं त्या ‘चात्ता’त आलं.

हे शेपूट ‘शिमाऊ’ या क्रियापदाचं. त्याचा साधा अर्थ आवरून ठेवणं. धुतलेले कपडे घडी करून कपाटात ठेवायचे, तेही शिमाऊच. दुसऱ्या क्रियापदामागे लागलं की ते ‘पुरतं उरकणं’ दाखवतं: ‘योंदे शिमाऊ’, वाचून संपवणं. आता, जे पुरतं उरकलं ते मागे फिरवता येत नाही. बोलणारा हळहळत असावा, हे ऐकणारा मनाशी ताडतो. तेच पुनःपुन्हा ताडलं गेलं की तो अंदाज राहत नाही, शब्दाचा अर्थच होऊन बसतो. बोलताना झिजून ‘ते शिमाऊ’चं (इथला ‘ते’ म्हणजे आधीच्या क्रियापदाचा शेवट) ‘चाऊ’ही होतं, आणि त्याचा भूतकाळ ‘चात्ता’. मात्र हळहळ दर वेळी असतेच असं नाही. ‘गृहपाठ उरकून टाकू या’ म्हणतानाही हेच ‘चाऊ’ चालतं. आपण सुटकेला ‘टाकणे’ आणि पस्ताव्याला ‘बसणे’ अशी दोन क्रियापदं वापरतो; जपानी एकात भागवतात. किल्ली आत राहून दार बंद झालं, की ‘शिमाऊ’चा भूतकाळ, नुसतं ‘शिमात्ता!’, पुरतं. आपण कपाळाला हात लावून ‘झालं!’ म्हणतो, तसंच.

स्वतंत्र अर्थाचा शब्द असा व्याकरणाच्या चाकरीला लागतो, त्याला फ्रेंच भाषातज्ज्ञ आंत्वान मेये यांनी 1912 साली नाव दिलं. मराठीत व्याकरणीकरण म्हणू. पुढे भाषातज्ज्ञ एलिझाबेथ ट्रॉगट यांनी दाखवलं, की या वाटेवर अर्थ बरेचदा बाहेरच्या जगाकडून बोलणाऱ्याच्या मनाकडे सरकतो.

इंग्रजीतला ‘व्हाइल’ घ्या. जुन्या इंग्रजीत तो ‘काही वेळ’ या अर्थाचं नाम होता. ‘फॉर अ व्हाइल’मध्ये अजून आहे. मग तो ‘अमुक चालू असताना’ झाला. आणि आता ‘व्हाइल आय लाइक हिम, आय डोन्ट ट्रस्ट हिम’ म्हणताना घड्याळाचा संबंधच उरत नाही. आवडतो खरा, पण भरवसा नाही. दोन गोष्टी एका वेळी घडतात, इथून सुरुवात झाली. त्या एकमेकींना छेदतात, हे मत बोलणाऱ्याचं.

जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे असे बरेच भाव शेपटाशी साचतात. मला सर्वांत गंमत वाटते ‘केदो’ची. अर्थ ‘पण’. पुढे दुसरं वाक्य हवंच. तरी हॉटेलात फोन करणारा म्हणतो, ‘योयाकु शिताइन देसु केदो...’, म्हणजे ‘बुकिंग करायचं होतं, पण...’ आणि थांबतो. ‘पण’च्या पुढे काहीच नसतं. पलीकडचा माणूस तारीख विचारतो.