रोहिणी सापडली का? मग दुर्बिणीचं बोलू

दिवाळी झाली की दर वर्षी कुणाचा तरी फोन येतो. "मुलीला आकाशाचं वेड लागलंय, दुर्बीण घ्यायची म्हणतोय. कोणती घेऊ?" मी आधी विचारते, "तिला रोहिणी दाखवता येते का?" एका गृहस्थांनी यावर "रोहिणी म्हणजे आमची मेहुणी ना?" असं विचारलं होतं. त्यांना म्हटलं, पैसे वर्षभर खिशात राहू द्या.

रोहिणी शोधायला खर्च नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकटीत बारीक अक्षरांत नक्षत्र छापलेलं असतं. चंद्र आज आकाशाच्या कोणत्या भागात आहे, एवढंच ते सांगतं. चंद्राला पूर्ण फेरीला सुमारे २७ दिवस लागतात, म्हणून नक्षत्रंही २७. 'रोहिणी' छापलेल्या रात्री गच्चीवर जा. हात ताठ करून धरलेली मूठ आकाशाचे साधारण १० अंश झाकते. चंद्रापासून दोनेक मुठींच्या आत नारिंगी छटेचा ठळक तारा दिसेल, ती रोहिणी. असं महिनाभर केलंत की चित्रा, मघा, ज्येष्ठा या नुसत्या पत्रिकेतल्या नोंदी राहत नाहीत. चंद्र मावळल्यावरही त्या जागच्या जागी सापडतात.

मग घ्यायचा तो बायनॉक्युलर. १० बाय ५० लिहिलेला बघा. १० म्हणजे वस्तू दहापट मोठी दिसणार आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. अंधारात आपली बाहुली जास्तीत जास्त सात मिलिमीटर उघडते. त्या हिशेबात ५० मिलिमीटरचं भिंग डोळ्याच्या सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करतं. कोपरं कठड्यावर टेकवून कृत्तिकांकडे बघा. नुसत्या डोळ्यांना पाच-सहा तारे दिसत होते, तिथे डझनांनी दिसू लागतात. गावाकडच्या काळोखात देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे ताऱ्यांच्या एका दूरच्या प्रचंड समूहाचा, पुसट डाग मिळतो. तो प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे २५ लाख वर्षं झाली. फक्त डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या. मध्येच कुणी मोबाइल काढला की ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. आमच्यात यावरून भांडणं झालेली आहेत.

आता दुर्बीण. माझी पहिली दुर्बीण आली त्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५२५ पट' असं होतं. आकडा खोटा नव्हता. वस्तुभिंगाचं, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचं, नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचं) ७०० मिलिमीटर, डोळ्याशी धरायच्या भिंगाचं, म्हणजे आयपीसचं, ४ मिलिमीटर. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की किती पट ते कळतं: १७५. त्यावर तिप्पट करणारी बार्लो लेन्स चढवली की ५२५. पण वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुप्पट ही साधारण मर्यादा धरतात. माझं भिंग ६० मिलिमीटरचं, म्हणजे १२० पट खूप झालं. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण पाणी घालून वाढवलेल्या आमटीसारखं. म्हणून दुकानात किती पट हे विचारूच नका, व्यास विचारा.

खरा घात मात्र स्टँडने केला. शनी दिसला, फोकस करायला बटणाला बोट लावलं आणि शनी गदागदा हलायला लागला. हात काढून थांबायचं, तर तोवर तो कडेला पोचलेला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकतं. ९० पटीला एका वेळी दिसणारा तुकडा जेमतेम अर्धा अंश, म्हणजे चंद्राएवढा. ग्रह दोन मिनिटांत एका कडेने शिरून दुसरीने निघून जातो. बारीक पायांच्या ट्रायपॉडवर त्याचा पाठलाग करणं म्हणजे छळ.

यावरचा उतारा एका संन्याशाने काढला. जॉन डॉब्सन १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण परंपरेतल्या वेदांत सोसायटीच्या मठात दाखल झाले. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून ते दुर्बिणीचे आरसे बनवायचे आणि आजूबाजूच्या लोकांना आकाश दाखवायचे. या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढे ते फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवत राहिले. त्यांच्या पद्धतीची दुर्बीण म्हणजे डॉब्सोनियन: पुढच्या भिंगाऐवजी तळाशी आरसा असलेली जाड नळी, ती लाकडी खोक्यात, खोकं जमिनीवरच्या तबकडीवर फिरतं. बोटाने ढकललं की सरकते, सोडलं की तिथेच थांबते. सगळा पैसा आरशात जातो. सहा इंच व्यासाच्या आरशाची, म्हणजे सहा इंची डॉब माझ्या त्या पहिल्या दुर्बिणीच्या सहापट प्रकाश गोळा करते. आठ इंची आणखी छान, पण लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर ती गच्चीवर फार वेळा जाणार नाही.

घ्यायच्या आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघून घ्या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा संस्थांच्या आकाशदर्शनाला गेलात तर चार प्रकार एका रात्रीत बघायला मिळू शकतात. सूर्याकडे मात्र नुसत्या दुर्बिणीतून क्षणभरही बघायचं नाही. आयपीसला लावायचा काळा सूर्य-फिल्टर कुठे खोक्यात आला तर फेकून द्या. तो तापून तडकतो, आणि मागे तुमचा डोळा असतो.

पावसाळ्यात आपल्याकडे आकाश जवळपास बंदच. कोकणात तर भिंगांवर बुरशी चढते, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या घालून दुर्बीण हवाबंद डब्यात ठेवा. बाहेर काढायला कोजागरीचा मुहूर्त धरू नका. पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट पांढरं दिसतं. नंतरच्या शुद्ध अष्टमीला काढा. अर्ध्या चंद्रावर उजेड-काळोखाच्या सीमेशी विवरांच्या कडा उजळलेल्या असतात आणि तळ अजून काळे. तासाभराने पुन्हा बघितलं तर एखाद्या तळातल्या डोंगराचं टोक नुकतं उजळलेलं असतं.