‘तिङ्’ प्रत्ययांचा हिंदीपर्यंतचा प्रवास

संस्कृत क्रियापदाच्या अंती येणारे 18 प्रत्यय पाणिनीने अष्टाध्यायीतील एकाच सूत्रात (3.4.78) ओळीने सांगितले आणि पहिल्या ‘तिप्’मधील ‘ति’ व शेवटच्या ‘महिङ्’मधील ‘ङ्’ घेऊन त्या सर्वांना ‘तिङ्’ असे नाव दिले. त्यांपैकी 9 परस्मैपदाचे, 9 आत्मनेपदाचे (संस्कृत क्रियापदे चालवण्याचे हे दोन संच). पुरुष आणि वचन हे प्रत्यय दाखवतात, लिंग दाखवत नाहीत. ‘सः गच्छति’ आणि ‘सा गच्छति’ यांत क्रियापद बदलत नाही. हिंदीत मात्र ‘जाता है’ आणि ‘जाती है’ असा भेद करावाच लागतो, आणि त्याचे कारण प्राकृत काळात सापडते.

प्राकृतांत द्विवचन गेले, आत्मनेपद जवळजवळ लोपले आणि लिट्, लङ्, लुङ् ही भूतकाळाची रूपे व्यवहारातून मागे पडली. त्यांची जागा धातुसाधितांनी घेतली. ‘सः अकरोत्’ याऐवजी ‘तेन कृतम्’ ही रचना रूढ झाली. हिंदीतले ‘उसने किया’ आणि मराठीतले ‘त्याने केले’ ही तिचीच पुढची रूपे होत. धातुसाधिते मुळात विशेषणे असल्याने ती लिंग सोबत घेऊन आली. वर्तमानकाळातील ‘करता’ हे रूपही असेच ‘शतृ’प्रत्ययान्त (‘करत असलेला’ अशा अर्थाच्या) विशेषणातून आले आहे.

तरीही तिङ् प्रत्यय नाहीसे झाले नाहीत. ‘ति’चे ‘इ’ होऊन प्राकृतात ‘करइ’ झाले, म्हणजे ‘तो करतो’. तुलसीदासांच्या अवधीत ‘चलइ’, ‘सुनइ’ ही रूपे वर्तमानकाळाचाच अर्थ देतात. आजच्या हिंदीचा पाया असलेल्या खडी बोलीत ‘करता है’ रूढ झाल्यावर ‘करइ’पासून आलेल्या जुन्या ‘करे’ला वर्तमानाचे काम उरले नाही आणि ते इच्छा, शक्यता, अनुज्ञा यांकडे वळले: ‘वह करे’, ‘मैं करूँ?’ याच रूपाला ‘गत’पासून आलेला मानला जाणारा ‘गा’ जोडून ‘करेगा’ हा भविष्यकाळ झाला, आणि ‘करेगी’मध्ये तो ‘गा’ विशेषणासारखाच बदलतो. मराठीत हेच जुने वर्तमान ‘तो रोज पहाटे व्यायाम करी’ अशा रीतिभूतकाळात जाऊन बसले. मूळ एक असूनही दोन भाषांत ते उलट दिशांना जावे, हे मला या इतिहासातले सर्वांत विलक्षण वळण वाटते.

कर्मणि प्रयोगाची कथाही तितकीच अर्थपूर्ण आहे. संस्कृत ‘क्रियते’चे प्राकृतात ‘किज्जइ’ झाले. हा ‘-इज्ज’ जुन्या मराठीत ‘-इजे’ होऊन ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ अशा रूपांत ज्ञानेश्वरीत जागोजाग भेटतो. आजचे ‘म्हणजे’ मुळात ‘म्हटले जाते’ असे पूर्ण क्रियापद होते, तर ‘पाहिजे’चा मूळ अर्थ ‘पाहिले जाते’, म्हणजे ‘ज्याची वाट पाहिली जाते ते’, असा होता. हिंदीतले ‘चाहिए’ याच घडणीचे आहे. त्यामुळेच ‘मुझे किताब चाहिए’ आणि ‘मला पुस्तक पाहिजे’ या दोन्ही वाक्यांत ज्या व्यक्तीला वस्तू हवी असते ती कर्त्याच्या जागी नसते. ‘मला पुस्तके पाहिजेत’ म्हणताना क्रियापद माणसाकडे न पाहता पुस्तकांचे वचन घेते.