रेकॉर्ड लेबल

ध्वनिमुद्रणांची मालकी, वितरण व हक्कवसुली पाहणारी व्यापारी संस्था. तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदावर गायकाचे नाव, गीताचा मुखडा आणि कंपनीची मुद्रा छापलेली असे; त्या कागदाचे नाव पुढे कंपनीलाच पडले. आरंभीच्या तबकड्यांवर हा मजकूर कोरलेला असे. कागदी लेबल साधारणपणे १९०० च्या सुमारास आले.

भारतातील आरंभाविषयी मतभेद आहेत. ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे केली. जुने लेखक पहिल्या मुद्रणाचा मान गायिका गौहरजान यांना देतात. संशोधक मायकेल किनिअर यांच्या ध्वनिमुद्रणसूचीनुसार मात्र त्याआधी, ८ नोव्हेंबरला, रंगभूमीवरील शशिमुखी व फणिबाला यांचे गायन मुद्रित झाले होते. सूचीचा आधार पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. लंडनमध्ये १८९९ साली झालेली भारतीय भाषांतील मुद्रणे जमेस धरल्यास आरंभ आणखी मागे जातो. १९०८ मध्ये सियालदह येथे कारखाना निघेपर्यंत तबकड्या परदेशातूनच छापून येत.

गीत आणि त्याचे मुद्रण या कायद्याने दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची. मुद्रणाचा प्रथम स्वामी मात्र निर्माता, म्हणजे ते घडवून आणण्यात पुढाकार घेऊन जबाबदारी उचलणारा. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेसाठी एखाद्या मंडळाने सिद्धरामेश्वरांवरील गीत स्वखर्चाने मुद्रित करून घेतले, तर एरवी वेगळा करार नसल्यास मुद्रण मंडळाचे ठरते, गायकाचे नव्हे. लेबल हाच हक्क विकत किंवा मुदतीने घेते. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षरांकांचा आंतरराष्ट्रीय संकेतांक मिळतो. तेच गीत पुन्हा गायले तर संकेतांकही नवा लागतो, आणि यूट्यूब वा अन्य सेवांवरील उत्पन्नाचा हिशेब बहुधा त्याच्याच आधारे जुळवला जातो.

बार्शीचे शाहीर अमर शेख आणि पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकर यांच्या सोलापूर जिल्ह्यात शाहिरी, लावणी व अभंग गाणाऱ्यांना एकरकमी मानधन घेऊन ‘गाणे देऊन टाकण्याची’ सवय आहे, आणि तिने त्यांचे मोठे नुकसान होते. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटाचा भाग नसलेल्या मुद्रणातील स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) समान वाटा गीतकार व संगीतकार यांना वारस किंवा हक्कवसुली करणारी संस्था यांखेरीज कोणालाही सोडून देता येत नाही; व्यावसायिक वापराच्या स्वामित्वधनावर गायकाचाही हक्क त्याच दुरुस्तीने मान्य झाला.