गोल्डफिश वर येऊन तोंड उघडतो, ते भुकेने नव्हे

नवा गोल्डफिश पाण्याच्या वरच्या थरात राहून सतत तोंडाची उघडझाप करू लागला, की ‘भुकेला आहे’ म्हणून खाणं टाकलं जातं. हा समज जीवघेणा आहे. भुकेला मासा माणूस दिसताच वर येतो, पण पुन्हा खाली फिरतो. तासन्‌तास वरच राहणाऱ्याला प्राणवायू कमी पडतोय किंवा अमोनियाने (माशाच्या घाणीतून पाण्यात साठणाऱ्या विषाने) कल्ले भाजताहेत. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणूच नसतात, ते वाढायला 4 ते 6 आठवडे लागतात. खाणं कुजून अमोनिया आणखी वाढतो.

खाणं थांबवा, एअर पंप लावा, 30 टक्के पाणी बदला. नळाचं पाणी क्लोरीन काढून, टाकीच्याच तापमानाचं घाला. अमोनिया शून्य येईपर्यंत रोज तपासा.

फायटर आणि गुरामी हे मासे मात्र अधूनमधून वरची हवा घेतातच. त्यांना त्यासाठी खास अवयव असतो.