स्ट्रॉबेरीची आरोग्यकीर्ती: लिनिअसच्या गाउटपासून वाशीच्या फळबाजारापर्यंत

हृदयाला चांगली, त्वचेला चांगली, मधुमेहींनाही चालते. डिसेंबर लागला की स्ट्रॉबेरीचे हे गुण सांगणारे संदेश ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागतात. त्यातलं बरंचसं खरं आहे. मात्र ही कीर्ती फार जुनी आहे आणि तिच्यामागची कारणं काळाप्रमाणे बदलत आली आहेत.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणारा स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनिअस अठराव्या शतकाच्या मध्यावर गाउटने, म्हणजे सांधे सुजून ठणकण्याच्या आजाराने, हैराण होता. रानस्ट्रॉबेरी भरपूर खाल्ल्यामुळे आपलं दुखणं आटोक्यात आलं, असं तो सांगे. एका माणसाचा अनुभव हा पुरावा नव्हे, पण सांगणारा लिनिअस असल्याने युरोपात त्या म्हणण्याला वजन आलं. त्याने खाल्लेलं फळ बोटाच्या पेराएवढं, जंगलात उगवणारं होतं. आज आपण खातो ती जात वेगळी. अमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच लष्करी अभियंता १७१४ मध्ये चिलीहून मोठ्या फळांची रोपं घेऊन परतला. फ्रान्सच्या बागांमध्ये त्यांचा उत्तर अमेरिकेतल्या जातीशी संकर झाला आणि आजची टपोरी स्ट्रॉबेरी जन्माला आली. हे फळ संकरातून आल्याचं आंत्वान निकोला ड्युशेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये नोंदवलं.

आपल्याकडे ती ब्रिटिशांबरोबर आली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरला थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवलं. तिथल्या तुरुंगातल्या चिनी कैद्यांनी युरोपीय भाज्यांचे मळे फुलवले. स्ट्रॉबेरी मुळात साहेबांच्या टेबलासाठी होती. पुढे महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि भिलार परिसरातल्या शेतकऱ्यांनी ती आपलीशी केली. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. देशातल्या उत्पादनाचा फार मोठा वाटा आजही याच पट्ट्यातून येतो.

तरी ठाण्याच्या मध्यमवर्गीय घरात हे फळ कित्येक वर्षं 'महाबळेश्वरला गेलो की खायचं' असंच होतं. कारण तिच्या स्वभावात आहे. केळी, चिकू कच्चे उतरवून पिकवता येतात. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. ती लाल झाल्यावरच तोडावी लागते आणि मग हाताशी वेळ उरतो जेमतेम दोन-चार दिवसांचा. माझ्या मते इथलं चित्र पालटलं ते दोन गोष्टींनी. १९९६ मध्ये मुंबईचा घाऊक फळबाजार वाशीच्या एपीएमसीत (कृषी उत्पन्न बाजार समितीत) आला, आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तो मार्ग कळंबोलीला, म्हणजे नवी मुंबईच्या दारातच उतरतो. संध्याकाळी डोंगरावरून निघालेला माल पहाटे वाशीत आणि सकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात, हे गणित त्यामुळे जमू लागलं. आरोग्याच्या दृष्टीनेही याला अर्थ आहे, कारण ठेचाळलेल्या, गरम हवेत पडून राहिलेल्या फळातलं क जीवनसत्त्व भराभर घटतं.

या क जीवनसत्त्वाचा शोध हा स्ट्रॉबेरीच्या कीर्तीतला दुसरा टप्पा. जेम्स लिंडने १७४७ मध्ये संत्री-लिंबं देऊन खलाशांचा स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) बरा करून दाखवला. त्यामागचा पदार्थ मात्र अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या हाती १९२८ मध्ये लागला आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग कुठल्या फळात ते किती, याची मोजदाद सुरू झाली. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत, म्हणजे सात-आठ मध्यम फळांत, ते साधारण ५९ मिलिग्रॅम असतं. प्रौढ स्त्रीची दिवसाची बहुतेक गरज तेवढ्यात भागते. उष्मांक फक्त ३२ आणि साखर जेमतेम ५ ग्रॅम, म्हणून मधुमेहींनी बेताने खायला हरकत नसते. पण इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: केवळ क जीवनसत्त्वासाठी खायचं असेल तर पेरू कितीतरी पुढे आहे, आवळाही, आणि दोन्ही स्वस्त.

स्ट्रॉबेरीचं आजचं नाव झालं ते तिच्या लाल रंगामुळे. हा रंग अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचा. २०१३ च्या जानेवारीत 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात अमेरिकेतल्या ९३,६०० परिचारिकांवरचा, १८ वर्षं चाललेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा ब्लूबेरी किंवा स्ट्रॉबेरी खाणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. 'हृदयाला चांगली' हे वाक्य जगभर पसरलं त्याला या अभ्यासाचा मोठा हातभार लागला. तो निरीक्षणाचा अभ्यास होता. अशा स्त्रियांच्या इतरही सवयी चांगल्या असू शकतात. संशोधकांनी त्यांचा हिशेब धरला, तरी झटका टळला तो फळामुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही.

प्रत्यक्ष खायला देऊन केलेले प्रयोगही आहेत. काहींत एलडीएल, म्हणजे 'वाईट' समजलं जाणारं, कोलेस्टेरॉल थोडं उतरलं. त्यांपैकी अनेकांना कॅलिफोर्नियातल्या स्ट्रॉबेरी उत्पादकांच्या मंडळाचा निधी होता, हे वाचकाने ध्यानात ठेवावं. शिवाय त्यात बहुधा ताजी फळं नव्हती, गोठवून सुकवलेली पूड होती. काही प्रयोगांत रोज ५० ग्रॅम पूड दिली गेली, म्हणजे सुमारे अर्धा किलो ताजी स्ट्रॉबेरी. बाजारातली २०० ग्रॅमची डबी धरली तर एका माणसाला रोज अडीच डब्या.